आफ्रिकेत सफारीला कुठे जायचं? आधी सुट्टी कधी आहे ते सांगा

२०२५च्या जुलैमध्ये टांझानियातल्या सेरेंगेटीचा एक व्हिडिओ जगभर फिरला. मारा नदीच्या काठावर विल्डबीस्टचा, म्हणजे गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचा, कळप पलीकडे जायला आलेला, आणि त्याच्या वाटेवर गाड्यांतून खाली उतरून उभी राहिलेली माणसांची गर्दी. जनावरांना पाण्यात उतरायला जागा उरली नव्हती. लोक संतापले, आणि संतापण्यासारखंच ते होतं. पण ही गर्दी तिथे जमते कशी, याचाही विचार करायला हवा. सफारीचं स्वप्न पाहणाऱ्या जगातल्या जवळजवळ प्रत्येकाला एकच नदी, एकच दृश्य आणि तेच दोन-तीन महिने सांगितले जातात.

आपल्याकडेही तेच होतं. आफ्रिका म्हणजे केनियातलं मासाई मारा, आणि मारा म्हणजे ऑगस्ट, असं समीकरण पक्कं झालंय. प्रत्यक्षात घरातल्या सगळ्यांना एकदम सुट्टी मिळते ती मे महिन्यात किंवा दिवाळीत. मग मारा हे ठिकाण तसंच ठेवून तारखा तेवढ्या बदलल्या जातात, आणि ऐन पावसात केनियाला पोचलेलं कुटुंब चिखलात रुतलेल्या गाडीत बसून राहतं. त्याच आठवड्यात, तेवढ्याच पैशांत किंवा त्याहून कमी खर्चात, आफ्रिकेतच दुसरीकडे लख्ख ऊन आणि पाणवठ्यावर हत्ती असतात.

आफ्रिका खंडात भारत साधारण नऊ वेळा मावेल. एवढ्या मोठ्या भूभागाला एकच 'सीझन' असणं शक्य नाही. म्हणून देश आधी ठरवून मग महिना शोधण्यापेक्षा उलटं करावं. आपल्याला मिळणारा महिना धरावा, त्या महिन्यात पाऊस कुठे आहे ते पाहावं, आणि पाऊस नाही तिथे जावं. एवढं समजलं की निम्मी निवड आपोआप होते.

## पाऊस कुठून कुठे सरकतो

विषुववृत्ताच्या आसपास पृथ्वीभोवती ढगांचा एक पट्टा असतो. सूर्य वर्षभरात उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे सरकतो तसा, थोडा मागे राहून, हा पट्टाही सरकतो. डिसेंबर ते फेब्रुवारी तो दक्षिणेला झांबिया, झिंबाब्वे, बोट्स्वानाच्या बाजूला असतो. मार्चपासून तो वर चढायला लागतो आणि एप्रिल-मेमध्ये केनिया-टांझानियावर येतो. जूनमध्ये तो आणखी उत्तरेला गेलेला असतो, आणि आपला मान्सून हा त्याच सरकण्याचा एक भाग आहे. वर्षाच्या शेवटी पट्टा परतीच्या वाटेवर पुन्हा पूर्व आफ्रिकेवरून जातो.

म्हणून केनिया आणि टांझानियाला वर्षात दोन पावसाळे मिळतात. मार्च ते मे लांब आणि जोरदार, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आखूड आणि हलका. दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोट्स्वाना, झिंबाब्वे आणि झांबियाच्या अभयारण्यांच्या भागात एकच पावसाळा, ढोबळमानाने नोव्हेंबर ते मार्च. तिथे मे ते ऑक्टोबर सलग कोरडे.

आपली मे महिन्याची सुट्टी इथे नेमकी बसते. पूर्व आफ्रिकेत तेव्हा लांब पावसाळा असतो, आणि दक्षिणेकडे कोरडा, थंड ऋतू नुकताच सुरू झालेला असतो.

## कोरडा ऋतूच का बरा?

हिरवंगार जंगल फोटोत सुंदर दिसतं, पण हिरवळीत प्राणी दिसत नाहीत. गवत कमरेइतकं वाढलं की बसलेला सिंह दहा पावलांवर असला तरी नजरेस पडत नाही. पाऊस पडला की जागोजागी डबकी भरतात, प्राण्यांना पाण्यासाठी कुठे जावं लागत नाही आणि ते विखुरतात. कोरड्या दिवसांत गवत बसतं, झाडांची पानं झडतात, डबकी आटतात आणि सगळ्यांना त्याच मोजक्या पाणवठ्यांवर यावं लागतं. डासही कमी होतात, म्हणजे मलेरियाची भीती कमी.

मारा भागात आणखी एक अडचण आहे, ती आपल्याला सहज कळेल. तिथे बऱ्याच ठिकाणी काळी चिकण माती आहे, अगदी आपल्या कापसाच्या जमिनीसारखी. दोन तास चांगला पाऊस झाला की चारही चाकांना ताकद देणारी गाडीसुद्धा अडकते. पर्यटकांच्या मुक्कामाच्या काही छावण्या एप्रिल-मेमध्ये बंदच असतात.

पावसाळ्यात जाणं सरसकट चूक मात्र नाही. पक्षीनिरीक्षकांना तेच दिवस हवे असतात, कारण युरोप-आशियातून आलेले पाहुणे पक्षी आणि विणीच्या रंगात आलेले स्थानिक पक्षी तेव्हा एकत्र मिळतात. गर्दी नसते, दर उतरलेले असतात. पण आयुष्यात बहुधा एकदाच जाणार असाल, मुलांना सिंह-हत्ती दाखवायचे असतील, तर कोरडा ऋतूच धरा.

## ते प्रसिद्ध स्थलांतर नेमकं काय आहे

'ग्रेट मायग्रेशन' हा शब्द ऐकून अनेकांना वाटतं की हा एखाद्या आठवड्यात घडणारा सोहळा आहे. तसं नाही. हे वर्षभर चालू असतं. लाखो विल्डबीस्ट, त्यांच्यासोबत लाखोंनी झेब्रे आणि गॅझेल हरणं, सेरेंगेटी आणि मारा मिळून बनलेल्या प्रदेशात गोल फिरत राहतात. त्याला सुरुवात नाही आणि शेवटही नाही.

आपले धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात आणि पावसाच्या आधी देशावर परततात. वाट ठरलेली, पण कुठल्या गावात कुठल्या दिवशी मुक्काम हे चाऱ्यावर आणि पावसावर. विल्डबीस्टचंही तसंच आहे. वाट हजारो वर्षांची, तारीख मात्र दरवर्षी नवी.

जानेवारी ते मार्च हे कळप सेरेंगेटीच्या दक्षिणेला, न्डुटूच्या आसपासच्या मोकळ्या माळावर असतात. शेजारच्या ज्वालामुखींची राख इथल्या मातीत मिसळलेली आहे. गवत आखूड असतं, पण त्यात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर, म्हणजे दूध पाजणाऱ्या आईला हवं तेच. इथेच फेब्रुवारीच्या आसपास विणीचा हंगाम येतो. तीन-चार आठवड्यांत लाखो वासरं जन्मतात, आणि जन्मलेलं वासरू काही मिनिटांत उभं राहून चालायला लागतं. सगळ्यांनी एकदम विण्यामागे निसर्गाचा हिशोब आहे. सिंह, तरस, चित्ते कितीही असले तरी त्यांचं पोट एका मर्यादेपलीकडे भरत नाही, आणि बाकीची वासरं तेवढ्यात पळण्याइतकी मोठी होतात. चित्ता शिकार करताना पाहायचा असेल तर हा माळ फार चांगला, कारण दूरवर आडोसाच नाही.

पावसाळा सरला की माळावरचं पाणी संपतं. कळप उत्तर-पश्चिमेला निघतात आणि जूनच्या सुमारास ग्रुमेती नदीच्या पट्ट्यात पोचतात. जुलै ते ऑक्टोबर ते उत्तरेला असतात, कारण तिथे बारमाही वाहणारी मारा नदी आहे. नोव्हेंबरमध्ये दक्षिणेत ढग जमले की ते पुन्हा खाली वळतात.

नदी ओलांडण्याचं दृश्य याच जुलै ते ऑक्टोबरमधलं. कळप नदी एकदाच ओलांडून मोकळा होत नाही. गवत आज या काठावर चांगलं, चार दिवसांनी त्या काठावर, तसे ते ये-जा करतात. कधी काठावर तासन्‌तास उभे राहतात आणि मागे फिरतात. अमुक तारखेला 'क्रॉसिंग' दाखवतो असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याच्याकडे बुकिंग करू नका.

आणि हे दृश्य केनियाची मक्तेदारी नाही. सेरेंगेटीच्या उत्तर टोकाला, कोगातेंदे भागात, तीच नदी आणि तेच कळप असतात. नकाशावर मारा आणि सेरेंगेटी एकमेकांना चिकटलेले दिसतात, त्यामुळे 'सकाळी मारा, दुपारी सेरेंगेटी' असा बेत अनेकजण आखतात. ते जमत नाही. दोन्हींमधला थेट रस्ता १९७७ साली बंद झाला, आणि पर्यटकांसाठी तो आजही उघडलेला नाही. प्राणी सीमा ओलांडतात, माणसांना लांबचा वळसा घालून अधिकृत नाक्यावरून जावं लागतं. त्यात दिवस मोडतो आणि दोन देशांची प्रवेशाची कागदपत्रं लागतात. दोन्हींपैकी एक निवडा.

स्थलांतराविषयी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १९६१च्या हवाई मोजणीत विल्डबीस्ट अडीच लाखांच्या आसपास होते. १९७०च्या दशकाच्या शेवटी ते तेरा लाखांवर गेले. कारण होतं बुळकांडी. गुराढोरांच्या या रोगाने तिथली रानटी जनावरंही मरत होती. मासाई लोकांच्या गुरांना लस टोचली गेली, गुरांतला रोग गेला, आणि जंगलातली वासरं जगायला लागली. हा रोग जगातून नाहीसा झाल्याचं २०११ साली जाहीर झालं. आज आपण ज्या कळपांचे फोटो काढतो, ते पशुवैद्यांनी गुरांना टोचलेल्या लशीमुळे उभे आहेत. मला ही गोष्ट नदी ओलांडण्याइतकीच थरारक वाटते.

## मे महिन्याची सुट्टी असेल तर

दक्षिण आफ्रिकेतलं क्रूगर राष्ट्रीय उद्यान माझ्या मते मराठी कुटुंबासाठी सर्वांत सोयीचं आणि सर्वांत कमी सांगितलं जाणारं ठिकाण आहे. आकार साधारण १९,५०० चौरस किलोमीटर. तुलनेसाठी, ताडोबाचं राष्ट्रीय उद्यान आणि अंधारी अभयारण्य मिळून ६२५ चौरस किलोमीटर भरतात. क्रूगरमध्ये तुम्ही भाड्याची साधी गाडी घेऊन स्वतः फिरू शकता. मुख्य रस्ते डांबरी आहेत, गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते, आणि वेगमर्यादा डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि कच्च्या रस्त्यावर ४० किलोमीटर. त्याहून वेगाने गेलात तर काही दिसणारही नाही. आपल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मिळतो, तो आधीच काढून ठेवावा.

मुक्काम उद्यानातल्या सरकारी छावण्यांमध्ये. स्कुकुझा, लोअर साबी, साटारा ही त्यातली मोठी नावं. छावणीला कुंपण असतं, आत गोलाकार खोल्या, किराणा दुकान, आणि बऱ्याच खोल्यांना ओटा-गॅससकट छोटं स्वयंपाकघर. ज्येष्ठांचं पथ्य असेल, मुलांना वरणभात हवा असेल, तर यापेक्षा चांगली सोय नाही. सूर्य मावळताना फाटक बंद होतं. उशीर झाला तर दंड, आणि उद्यानात गाडीतून खाली उतरायला ठरावीक जागा सोडून सक्त मनाई. या दोन नियमांत तडजोड नाही.

क्रूगरचा दक्षिण भाग गेंडे आणि बिबट्यांसाठी चांगला, साटाराच्या आसपासचा गवताळ भाग सिंहांसाठी, आणि उत्तरेला गर्दी कमी, हत्ती आणि पक्षी जास्त. एका आठवड्यात अख्खं उद्यान पालथं घालायला जाऊ नका. दक्षिण आणि मध्य भागात दोन-तीन छावण्या बदलल्या तरी पुष्कळ झालं. मे महिन्यात दिवसा हवा सुखद असते, पहाटे मात्र चांगलीच थंडी. मे म्हणजे उन्हाळा या आपल्या सवयीने स्वेटर घरी ठेवून गेलात तर उघड्या जीपमध्ये कुडकुडाल.

लहान मुलांमुळे मलेरियाची काळजी वाटत असेल तर दक्षिण आफ्रिकेतच पिलानेसबर्ग, मॅडिक्वे आणि ॲडो ही मलेरियामुक्त भागातली ठिकाणं आहेत.

बोट्स्वानातला ओकावांगोचा त्रिभुज प्रदेशही याच काळात बहरायला लागतो, आणि त्याचं कारण गमतीचं आहे. अंगोलाच्या डोंगरांत जानेवारी-फेब्रुवारीत पडलेला पाऊस सपाट जमिनीवरून रेंगाळत खाली येतो. पोचेपर्यंत बोट्स्वानात पावसाळा संपून कोरडा ऋतू सुरू झालेला असतो. म्हणजे आभाळ कोरडं आणि जमिनीवर पूर. ही नदी समुद्राला मिळतच नाही, कालाहारीच्या वाळूत पसरून संपते. २०१४ साली ओकावांगोचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला, तेव्हा त्या यादीतलं ते हजारावं ठिकाण ठरलं. मात्र बोट्स्वानाने मोजके पर्यटक आणि जास्त दर हे धोरण मुद्दाम ठेवलंय. अनेक छावण्यांवर छोट्या विमानानेच जाता येतं. खिशाला हे ठिकाण सर्वांत जड पडतं, हे आधीच धरून चाला.

सुट्टी जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत ताणता येत असेल तर टांझानियाचाही विचार करता येतो. पाऊस थांबत आलेला असतो आणि ऐन गर्दी सुरू व्हायची असते.

## दिवाळीच्या सुट्टीत

ऑक्टोबरचा शेवट हा दक्षिणेकडे कोरड्या ऋतूचा शेवट. उकाडा असह्य असतो, काही ठिकाणी पारा चाळिशी गाठतो. विदर्भाच्या वाचकांना त्याचं फार वाटणार नाही. पण पाणी जवळपास संपलेलं असल्यामुळे उरलेल्या पाणवठ्यावर जे दिसतं ते वर्षभरात दुसऱ्या कुठल्या वेळी दिसत नाही.

नामिबियातलं एतोशा याचं उत्तम उदाहरण. मधोमध सुमारे ४,८०० चौरस किलोमीटरचा मिठाचा पांढरा तळ, आणि त्याच्या काठाने पाणवठे. इथे प्राण्यांच्या मागे धावायचं नसतं. पाणवठ्याजवळ गाडी लावून बसायचं आणि प्राणी येऊ द्यायचे. ओकाउकुएजो छावणीतल्या पाणवठ्यावर रात्री दिवे लावलेले असतात. कट्ट्यावर बसून मध्यरात्री गेंडा पाणी पिताना पाहता येतो, तेही वेगळे पैसे न मोजता. आपल्या कुनोत २०२२ साली आलेले पहिले आठ चित्ते नामिबियाचेच. तिथले बहुतेक चित्ते मात्र उद्यानांबाहेर, खासगी शेतजमिनींवर राहतात, त्यामुळे एतोशात चित्ता दिसेलच असं नाही.

हत्ती पाहायचे तर बोट्स्वानातलं चोबे. या एका देशात सुमारे १ लाख ३० हजार हत्ती आहेत, जगात कुठल्याही देशापेक्षा जास्त. चोबे नदीत होडीतून फिरताना हत्तींचे कळप पोहत जाताना दिसतात, आणि व्हिक्टोरिया धबधबा तिथून दीड-दोन तासांवर आहे. पण दिवाळीत धबधबा रोडावलेला असतो, झांबियाच्या बाजूला तर बराचसा कोरडा कडाच दिसतो. त्यासाठी झिंबाब्वेच्या बाजूने पाहावा.

नोव्हेंबर उजाडला की दक्षिणेतही ढग जमायला लागतात. दिवाळी उशिरा असलेल्या वर्षी हे लक्षात ठेवा.

## नाताळ आणि त्यानंतर

नाताळात दक्षिणेत पावसाळा असतो, आणि पूर्वेकडे आखूड पाऊस संपत आलेला. तेव्हा टांझानिया घ्या. सेरेंगेटीचा मध्य आणि दक्षिण, त्याला जोडून न्गोरोंगोरो. न्गोरोंगोरो म्हणजे कोसळलेल्या ज्वालामुखीचा प्रचंड खड्डा, कडेपासून सुमारे ६०० मीटर खोल आणि तळाशी २६० चौरस किलोमीटर. काळा गेंडा दिसण्याची शक्यता इथे चांगली असते. जिराफ मात्र खड्ड्यात नसतात, कडे उभे आहेत आणि तळाशी त्यांच्या खाण्याची झाडं कमी. हे दिवस जगभराच्या सुट्टीचे असल्याने दर चढे असतात.

शाळांच्या सुट्ट्यांशी ज्यांचा संबंध उरलेला नाही, त्या निवृत्त मंडळींनी सरळ फेब्रुवारी घ्यावा. विणीचा हंगाम, बऱ्यापैकी कोरडी हवा, आणि ऑगस्टच्या तुलनेत निवांतपणा.

## ठिकाण ठरलं, पण राहायचं आत की बाहेर?

हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, आणि सफारीचा अनुभव मात्र यावरच ठरतो.

मासाई मारा राखीव क्षेत्र सुमारे १,५१० चौरस किलोमीटरचं आहे. सेरेंगेटी त्याच्या जवळजवळ दहापट, १४,७६३ चौरस किलोमीटर. मारात प्राणी भरपूर आणि सहज दिसतात, पण गाड्याही तशाच. एका बिबट्याभोवती वीस-पंचवीस गाड्या हे दृश्य तिथे नवं नाही.

त्यावर उपाय म्हणजे 'कॉन्झर्व्हन्सी'. माराच्या कडेला मासाई कुटुंबांच्या मालकीच्या जमिनी आहेत. त्यांनी त्या एकत्र करून पर्यटन कंपन्यांना भाड्याने दिल्या आहेत. कुटुंबांना दरमहा भाडं मिळतं, जमिनीवर कुंपणं किंवा शेती होत नाही, आणि गुरांच्या चराईचे नियम ठरवून दिलेले असतात. नाबोइशो, ओलारे मोतोरोगी, मारा नॉर्थ ही त्यांपैकी काही. तिथे छावण्यांची आणि एका प्राण्याजवळ थांबणाऱ्या गाड्यांची संख्या मर्यादित असते. रात्रीची फेरी, पायी फेरी, रस्ता सोडून गाडी नेणं, हे मुख्य राखीव क्षेत्रात न मिळणारं सगळं तिथे मिळतं. दर जास्त आहेत, पण त्यातला काही भाग थेट त्या जमिनीच्या मालकांकडे जातो. पैसे कुठे वाढवायचे असतील तर मी खोलीच्या थाटापेक्षा इथे वाढवीन.

क्रूगरलाही अशीच जोड आहे. पश्चिमेच्या साबी सँडसारख्या खासगी क्षेत्रांमध्ये आणि उद्यानात कुंपण नाही, प्राणी मुक्त फिरतात. बिबट्या जवळून पाहण्यासाठी साबी सँडची ख्याती आहे. चार रात्री क्रूगरच्या सरकारी छावणीत आणि शेवटच्या दोन खासगी क्षेत्रात, अशी विभागणी खर्चाला झेपते.

## पण एकाच सहलीत सगळं का नको?

केनियाच्या ठरावीक सहलींमध्ये सात-आठ दिवसांत आंबोसेली, नैवाशा, नाकुरू आणि मारा असं सगळं कोंबलेलं असतं. कागदावर भरगच्च दिसतं. प्रत्यक्षात प्रत्येक दोन ठिकाणांमध्ये चार ते सहा तासांचा प्रवास, आणि पहाट व संध्याकाळ या प्राणी दिसण्याच्या वेळा हायवेवर जातात. शिवाय नाकुरूचे गुलाबी फ्लेमिंगो अजूनही जाहिरातीत झळकतात. तळ्याचं पाणी गेल्या काही वर्षांत वाढलं, खारटपणा कमी झाला, आणि फ्लेमिंगो मोठ्या संख्येने दुसऱ्या तळ्यांवर गेले. नाकुरूला गेंड्यांसाठी जा, फ्लेमिंगोंसाठी नको.

आंबोसेली आणि मारा, एवढी दोनच ठिकाणं, प्रत्येकी तीन रात्री, हे कितीतरी समाधानाचं. आंबोसेली लहान आहे, ३९२ चौरस किलोमीटर, पण किलिमांजारो पर्वताचं पाणी जमिनीखालून येऊन तिथे बारमाही दलदल तयार करतं आणि हत्ती कधी हटत नाहीत. इथल्या हत्तींचा अभ्यास १९७२पासून सलग चालू आहे. पिढ्यान्‌पिढ्यांची कुटुंबं संशोधकांना नावानिशी माहीत आहेत.

'बिग फाइव्ह'चाही आग्रह सोडावा. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस ही यादी शिकाऱ्यांनी केली, पायी जाऊन मारायला सर्वांत धोकादायक कोण यावरून. पाहण्याच्या आनंदाशी तिचा संबंध नाही. त्या यादीत चित्ता नाही, जिराफ नाही, रानकुत्रे नाहीत.

## ताडोबा असताना एवढा खर्च कशाला?

वाघ पाहायचा असेल तर खरंच कशाला? आफ्रिकेत वाघ नाही. ताडोबात आपण एका प्राण्याच्या मागावर असतो, पगमार्क आणि सांबराच्या इशाऱ्यावर कान ठेवून. ते सुख आफ्रिकेत मिळणार नाही. तिथलं सुख वेगळं आहे, मोकळ्या माळावर एका नजरेत दहा जातींचे प्राणी आणि त्यांचं एकमेकांशी चाललेलं जगणं. पूर्व आफ्रिकेत डबा बरोबर घेऊन दिवसभर बाहेर राहता येतं, सकाळ-दुपारच्या ठरावीक फेऱ्यांचं बंधन नाही. ज्यांनी आपली जंगलं शांतपणे पाहिली आहेत, त्यांना आफ्रिका जास्त कळते.

खर्चाबाबत एक आकडा लक्षात ठेवा. मासाई मारात परदेशी प्रौढाला जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर प्रवेश शुल्क आहे, जानेवारी ते जून १०० डॉलर. चौघांचं कुटुंब तीन दिवस राहिलं तर नुसत्या प्रवेशाचे किती होतात ते मोजा. हे शुल्क बारा तासांचं असतं, त्यामुळे निघायच्या दिवशी सकाळी रेंगाळलात तर आणखी एका दिवसाचं भरावं लागू शकतं. न्गोरोंगोरोच्या तळाशी उतरणाऱ्या प्रत्येक गाडीला वेगळं शुल्क आहे. पर्वतीय गोरिल्ला पाहायचे असतील तर रवांडात एका परवान्याला १,५०० डॉलर आणि युगांडात ८००, आणि गोरिल्लांजवळ मिळतो एक तास. क्रूगर आणि एतोशाचं प्रवेश शुल्क या सगळ्यांच्या तुलनेत अगदी किरकोळ आहे.

## निघण्याआधी

केनिया, युगांडा, इथिओपिया, रवांडा या देशांतून परतताना भारतात पीतज्वराच्या लशीचा दाखला मागतात. तो नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, दाखला टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो आणि मग आयुष्यभर चालतो. साठीपुढच्यांनी ही लस घेण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोललंच पाहिजे. दक्षिण आफ्रिकेला जाताना अदिस अबाबा किंवा नैरोबीत विमान बदलणार असाल आणि मध्ये बारा तासांहून जास्त वेळ असेल, तर दक्षिण आफ्रिकाही हा दाखला मागते.

शाकाहाराची काळजी पूर्व आफ्रिकेत फारशी नको. शंभराहून अधिक वर्षं तिथे भारतीय वस्ती आहे, २०१७ साली केनियाने भारतीय वंशाच्या लोकांना देशातली ४४वी जमात म्हणून मान्यताही दिली. छावण्यांच्या स्वयंपाक्यांना आधी कळवलं तर जैन जेवणही मिळतं. छोट्या विमानाने जाणार असाल तर सामान साधारण १५ किलो आणि मऊ पिशवीतच लागतं, चाकांची कडक बॅग घेत नाहीत.

आणि पैसे भरण्याआधी सहल आखणाऱ्याला एवढं लेखी विचारा: छावणी राखीव क्षेत्राच्या आत आहे की फाटकापासून दूर, आणि दूर असेल तर रोज जाण्यायेण्यात किती वेळ? गाडीत किती जण, आणि प्रत्येकाला खिडकी आहे का? प्रवेश शुल्क किमतीत धरलंय का? त्या तारखांना कळप साधारण कुठे असतात? शेवटच्या प्रश्नाला 'बहुधा अमुक भागात, पण पावसावर आहे' असं उत्तर आलं, तर माणूस जाणकार आहे.